‘हू’ आणि ‘व्हिच’ यांचा अर्ज : इंग्रजी संबंधी उपवाक्याच्या इतिहासातील एक वाद

३० मे १७११ रोजी लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकाच्या ७८ व्या अंकात एक अर्ज छापून आला. अर्जदार दोन शब्द होते : ‘हू’ आणि ‘व्हिच’. त्यांची तक्रार अशी, की आपण जुन्या व प्रतिष्ठित घराण्यातले असताना ‘दॅट’ नावाच्या एका उपटसुंभाने आपली जागा बळकावली आहे. इतकेच नव्हे, तर मुलांना जी पहिली आणि सर्वश्रेष्ठ प्रार्थना शिकवली जाते तिच्यातही आपला गैरवापर होतो. दोनच दिवसांनी, ८० व्या अंकात, ‘दॅट’नेही आपली बाजू मांडली. हा मजकूर रिचर्ड स्टीलचा. पुढील काळात तो पुष्कळदा जोसेफ अॅडिसनच्या नावावर मांडला गेला. विनोद म्हणून अर्ज आजही वाचनीय आहे. इतिहास म्हणून मात्र तो नेमका उलटा आहे, आणि हा उलटेपणा अपघाती नाही. इंग्रजी संबंधी उपवाक्य परक्या अभ्यासकाला, आणि पुष्कळदा स्वकीयालाही, अवघड का वाटते याचा बराचसा उलगडा त्यातून होतो.

प्राचीन इंग्रजीत संबंध दाखविण्याची साधने दोन होती. एक, ‘थे’ हे अविकारी अव्यय. दुसरे, ‘से’, ‘सेओ’, ‘थॅट’ ही लिंगवचनविभक्तीप्रमाणे चालणारी दर्शक सर्वनामे. कधी ही दोन्ही एकत्रही येत. आजचा ‘दॅट’ हा त्या दर्शक सर्वनामाच्या नपुंसकलिंगी रूपाचा थेट वंशज होय. ‘हू’ आणि ‘व्हिच’ यांचे पूर्वज त्या काळी होते, पण ते प्रश्नार्थक म्हणून, किंवा ‘जो कोणी’ अशा अनिश्चित अर्थाच्या रचनेत. एखाद्या निश्चित नामाशी उपवाक्य जोडण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते. तेराव्या शतकापर्यंत ‘थे’ मावळला आणि ‘दॅट’ एकटाच जवळजवळ सगळा भार वाहू लागला. ‘व्हिच’ संबंधी म्हणून बाराव्या शतकापासून तुरळक दिसतो आणि चौदाव्यात स्थिरावतो. चॉसरच्या लेखनात ‘दॅट’च्या शेजारी ‘व्हिच’, ‘द व्हिच’, ‘व्हिच दॅट’ अशी सारी रूपे नांदतात. फ्रेंचमधील ‘लकेल’ आणि लॅटिनमधील ‘क्वी’, ‘क्वे’, ‘क्वॉद’ यांचे वळण लेखक आणि भाषांतरकार यांच्या हाताला होतेच. ‘हूज’ आणि ‘हूम’ ही षष्ठी-द्वितीयेची रूपेही लवकर आली. सर्वांत शेवटी आला तो कर्तृपदी ‘हू’. पंधराव्या शतकातील खाजगी पत्रांच्या समारोपात ‘जो तुम्हांस सुखरूप ठेवो’ अशा आशयाचे ईश्वराला उद्देशून लिहिलेले ठरीव वाक्य येई. त्या साच्यातून हा ‘हू’ रुळला, हे मॅट्स रिडेन यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले. म्हणजे १७११ च्या अर्जातील ‘प्राचीन घराणे’ त्या वेळी काही शतकांचेच होते, आणि ज्याला उपटसुंभ म्हटले तो घरचा मूळ धनी होता.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. नवे सर्वनाम भाषेत आले ते सोप्या जागी नव्हे, अवघड जागी. संबंधी उपवाक्यात ज्या नामाचा पुनर्निर्देश व्हायचा ते उपवाक्याचा कर्ता असेल तर रचना सर्वांत सुलभ. कर्म असेल तर किंचित कमी. शब्दयोगी अव्ययाला किंवा षष्ठीला बांधलेले असेल तर ती उत्तरोत्तर कठीण होते. कीनन आणि कॉम्री यांनी १९७७ मध्ये अनेक भाषांच्या आधारे हा उतरता क्रम मांडला. सुझॅन रोमेन यांनी १९८२ मध्ये मध्ययुगीन स्कॉट्स भाषेची कागदपत्रे या क्रमाशी ताडून पाहिली, तेव्हा ‘व्ह’वर्गीय सर्वनामे या क्रमाच्या तळाकडून वर चढत गेलेली आढळली, आणि तीही आधी सर्वांत गुंतागुंतीच्या, औपचारिक लेखनप्रकारांत. साध्या शैलीच्या साध्या वाक्यांपर्यंत हा बदल फारसा पोचलाच नाही. बोलणारा माणूस ‘दॅट’ वापरीत राहिला, किंवा काहीच वापरीनासा झाला.

हे ‘काहीच न वापरणे’ व्याकरणकारांना दीर्घकाळ खुपत आले. ‘द बुक आय बॉट’ या रचनेत संबंधी सर्वनाम ‘लुप्त’ आहे, अध्याहृत आहे, आळसाने गाळलेले आहे, अशी स्पष्टीकरणे शालेय पुस्तकांतून दिली जातात. ऑटो येस्पर्सन याने ही उपपत्तीच नाकारली. त्याच्या मते येथे काहीही गाळलेले नाही. दोन वाक्यखंड एकमेकांना नुसते लागून उभे आहेत आणि तेवढ्या सान्निध्यावर भाषा संबंध प्रस्थापित करते. म्हणून त्याने या उपवाक्यांना ‘संपर्क-उपवाक्ये’ म्हटले. गाळले म्हणायचे तर आधी पूर्ण रूप हेच मूळ मानावे लागते, आणि पूर्ण रूप मूळ मानण्याची सवय लॅटिनच्या वर्गात लागलेली असते. लॅटिनमध्ये सर्वनामाशिवाय संबंधी उपवाक्य संभवत नाही. इंग्रजीत ते संभवते, हे तिचे वैगुण्य ठरविण्याचे कारण इंग्रजीच्या बाहेरचे होते.

या बाहेरच्या कसोटीचा सर्वांत बोलका साक्षीदार जॉन ड्रायडन हा आहे. १६७२ मध्ये त्याने आधीच्या पिढीच्या नाटककारांच्या इंग्रजीची झडती घेतली, आणि बेन जॉन्सनच्या ‘कॅटिलाइन’मधील एका ओळीत शब्दयोगी अव्यय वाक्याच्या शेवटी आले आहे हा दोष दाखविला. हा दोष आपल्याही लेखनात असल्याचे अलीकडेच ध्यानात आले, असेही त्याने तेथेच नमूद केले. ही कबुली कोरडी नव्हती. नाट्यकाव्यावरील त्याचा प्रसिद्ध संवादात्मक निबंध १६६८ मध्ये निघाला होता. १६८४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने वाक्यान्ती लोंबणारी शब्दयोगी अव्यये वेचून काढून उपवाक्याच्या आरंभी नेली. १६७९ मध्ये ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’च्या अर्पणपत्रिकेत त्याने सांगितले आहे, की आपले इंग्रजी शुद्ध आहे की केवळ रूढीने खपून जाते अशी शंका आली, की ते लॅटिनमध्ये उलथून पाहण्याखेरीज आपल्याला दुसरा मार्ग उरत नाही. इंग्रजी समीक्षेचा जनक म्हणून ज्याचा गौरव होतो त्या लेखकाला स्वभाषेतील वाक्य तपासण्यासाठी परभाषेचा आरसा लागावा, ही घटना साहित्येतिहासात एक किस्सा म्हणून सांगितली जाते. तिचे व्याकरणिक परिणाम तितक्या गांभीर्याने पाहिले जात नाहीत.

ते परिणाम असे. ‘द हाउस दॅट ही लिव्ह्ज इन’ या वाक्यखंडातील ‘इन’ पुढे न्यायचा झाला तर ‘द हाउस इन दॅट ही लिव्ह्ज’ असे म्हणता येत नाही. इंग्रजी ते मुळीच स्वीकारीत नाही. सर्वनामरहित संपर्क-उपवाक्यातही ही सोय नाही, कारण अव्ययाने टेकायचे कशाला? एकच वाट उरते : ‘द हाउस इन व्हिच ही लिव्ह्ज’. तेव्हा ‘अव्यय शेवटी नको’ हा वरवर पाहता शब्दक्रमापुरता असलेला दंडक प्रत्यक्षात संबंधी उपवाक्याची एक संपूर्ण व्यवस्थाच बेदखल करतो. त्याने ‘दॅट’ जातो, संपर्क-उपवाक्य जाते, आणि ‘व्ह’वर्गीय सर्वनामाला पर्याय उरत नाही. १६८४ च्या आवृत्तीत ड्रायडनने अव्यये हलविली. पण त्या प्रत्येक हालचालीबरोबर बोलीतले वाक्य लेखी वाक्याच्या घरात नेले जात होते. १७११ चा अर्ज हा त्याच स्थलांतराचा पुढचा टप्पा आहे. येस्पर्सनने नोंदविले आहे, की ‘स्पेक्टेटर’ पुस्तकरूपाने काढताना अॅडिसनने सहज पडलेले कितीतरी ‘दॅट’ बदलून त्यांच्या जागी ‘हू’ आणि ‘व्हिच’ बसविले. विनोदी अर्जाचा निकाल अशा रीतीने अर्जदारांच्या बाजूने लागला.

प्रार्थनेचा मुद्दा वेगळा आहे. १६११ च्या अधिकृत बायबलात येशूने शिकविलेल्या प्रार्थनेतील पित्यासाठी ‘व्हिच’ योजलेला आहे. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातही तोच. त्यात अनादर नव्हता. व्यक्तीसाठी ‘हू’ आणि वस्तूसाठी ‘व्हिच’ ही वाटणी तेव्हा पक्की झालेलीच नव्हती. शेक्सपिअरकडे माणसांसाठी ‘व्हिच’ आणि अचेतनांसाठी ‘हू’ दोन्ही सापडतात. वाटणी सतराव्या शतकात दृढ होत गेली, आणि मग जुने पवित्र वाक्य एकाएकी अशुद्ध दिसू लागले. अमेरिकन एपिस्कोपल चर्चने १७८९ च्या आपल्या प्रार्थनापुस्तकात तेथे ‘हू’ घातला. व्याकरण बदलले म्हणून देवाचे सर्वनाम बदलावे लागले, असे थोडे गमतीने म्हणता येईल. ‘हूज’ची कथाही अशीच. ते निर्जीवांना लावू नये, असा आक्षेप अठराव्या शतकापासून ऐकू येतो. परंतु त्याचे प्राचीन रूप ‘ह्वेस’ हे ‘कोण’ आणि ‘काय’ या दोहोंची समान षष्ठी होते. आक्षेप घेणाऱ्यांच्या कानांत ‘हू’ घुमत होता, भाषेच्या स्मरणात नव्हता.

अठराव्या शतकातील व्याकरणकारांना सरसकट दोषी धरण्याची पद्धत आहे. ती अन्यायाची आहे. रॉबर्ट लाउथ याचे १७६२ चे ‘शॉर्ट इन्ट्रोडक्शन टू इंग्लिश ग्रामर’ हे पुस्तक वाक्यान्ती अव्ययाच्या बंदीचे मूळ म्हणून उद्धृत केले जाते. प्रत्यक्षात लाउथने बंदी घातली नाही. संभाषणात ही लकब रूढ आहे, परिचित शैलीत ती शोभतेही. भारदस्त शैलीला मात्र अव्यय आधी आणणे अधिक साजेल, एवढेच त्याचे म्हणणे. आणि हे सांगणारे त्याचे स्वतःचे वाक्यच अव्ययावर संपते. ही थट्टा त्याला कळत नव्हती असे मानणे कठीण आहे. ऑक्सफर्डला काव्याचे अध्यापन करणारा आणि हिब्रू काव्याच्या समांतर रचनेवर १७५३ मध्ये युगप्रवर्तक व्याख्याने प्रसिद्ध करणारा हा मनुष्य वाक्याच्या कानाला चांगला तयार होता. शैलीभेदाची ही सूक्ष्म नोंद पुढे शुद्ध-अशुद्धाच्या निवाड्यात रूपांतरित झाली. लिंडली मरे याच्या १७९५ च्या व्याकरणासारखी पुस्तके ब्रिटिश साम्राज्यभर आणि अमेरिकेत शाळाशाळांतून गेली, आणि शाळेत ‘परिचित शैली’ हा उत्तराचा पर्याय नसतो.

विसाव्या शतकात वादाचे पारडे विचित्र रीतीने फिरले. हेन्री फाउलर याने १९२६ च्या ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’मध्ये सुचविले, की नामाची व्याप्ती मर्यादित करणाऱ्या उपवाक्यासाठी ‘दॅट’ आणि केवळ अधिक माहिती देणाऱ्यासाठी ‘व्हिच’ अशी कामे वाटून द्यावीत. हा प्रघात बहुसंख्य लेखकांचा नाही, उत्तम लेखकांचाही नाही, हे त्याने प्रामाणिकपणे मान्य केले होते. त्याला व्यवस्था हवी होती, इतकेच. परंतु सूचनेचा नियम व्हायला एक पिढी पुरते. विल्यम स्ट्रंकच्या १९१८ च्या पुस्तिकेत नसलेला हा दंडक ई. बी. व्हाइट याने १९५९ च्या सुधारित आवृत्तीत घातला आणि अनावश्यक ‘व्हिच’ हुडकून काढण्याच्या कामाला चेटकिणींच्या शिकारीवर श्लेष करणारे नाव दिले. अमेरिकन संपादकांनी तो शिरोधार्य मानला, नंतर संगणकावरील व्याकरण-तपासनिसांनीही. हिनरिक्स, शमरेचानी आणि बोमान यांनी २०१५ मध्ये १९६० आणि १९९० च्या दशकांतील छापील इंग्रजीचे नमुने ताडून दाखविले, की मर्यादक ‘व्हिच’ मागे हटला आणि ‘दॅट’ पुढे आला. ब्रिटिशांपेक्षा अमेरिकन लेखनात अधिक. ‘दॅट’ला गमावलेली जागा परत मिळाली ती बोलीच्या जोरावर नव्हे, संपादकाच्या लेखणीमुळे. अडीच शतकांपूर्वी त्याच लेखणीने ती काढून घेतली होती.

‘हूम’बाबतचा वाद तर विद्वानांनाच अडखळवणारा आहे. ‘द मॅन हूम वी थॉट वॉज डेड’ : येथे ‘हूम’ की ‘हू’? पाठ्यपुस्तकी उत्तर सरळ आहे. ‘वी थॉट’ हा मधला खंड काढून पाहावा, उरतो तो ‘वॉज डेड’चा कर्ता, म्हणून ‘हू’. फाउलरचा कौल हाच. येस्पर्सनने १९२४ च्या ‘फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये याविरुद्ध बाजू लढविली. बोलणाऱ्याच्या मनात ते पद ‘थॉट’च्या अधीन आलेले असते, आणि चॉसरपासूनच्या लेखकांत ही रचना इतकी आढळते, की तिला चूक म्हणण्यापूर्वी चुकीची व्याख्या तपासावी लागेल, असा त्याचा रोख आहे. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मध्येही, बुडाला असे समजल्या गेलेल्या राजपुत्राविषयी, ती येते. फाउलरची रीत वाक्याची चिरफाड करून त्यातील शुद्ध अवयव शोधते. येस्पर्सनची रीत वाक्य ज्या क्रमाने मनात उलगडते त्याचा माग घेते. संहितेच्या समीक्षेत हा फरक अनोळखी नाही.

सर्वनामांच्या या झगड्याच्या मुळाशी असलेला तर्कशास्त्रीय भेद मात्र फ्रान्समधून आला. पोर्ट-रॉयलच्या १६६० च्या व्याकरणात आर्नो आणि लान्सलो यांनी दाखविले, की ‘अदृश्य ईश्वराने दृश्य जग निर्माण केले’ अशा एका विधानात तीन निर्णय दडलेले असतात, आणि संबंधी सर्वनाम ते उघड करते. १६६२ च्या तर्कशास्त्रात ‘स्पष्टीकरणात्मक’ आणि ‘निश्चयात्मक’ उपवाक्यांचा भेद विस्ताराने आला. पहिल्या प्रकारचे उपवाक्य काढले तरी मुख्य विधान सत्य राहते. दुसऱ्या प्रकारचे काढले तर विधानाचा विषयच बदलतो. ‘द पोएट्स हू फ्लॅटर्ड द किंग आर फर्गॉटन’ हे वाक्य स्वल्पविरामांशिवाय लिहिले तर राजाची खुशामत करणारे तेवढेच कवी विस्मृतीत गेले. उपवाक्याच्या दोन्ही बाजूंस स्वल्पविराम दिले तर सगळेच कवी खुशामत्ये होते आणि सगळेच विस्मृत झाले. एका पिढीच्या काव्याविषयीचा निवाडा दोन टिंबशेपट्यांवर टांगलेला आहे.

येथे अभ्यासकाने सावध राहावे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील छापील इंग्रजीत स्वल्पविराम मुख्यतः वाचनातील थांब्यासाठी पडे, आणि पुष्कळदा तो लेखकाचा नसून खिळे जुळविणाऱ्याचा असे. आधुनिक वाचकासाठी संहिता सिद्ध करणारा संपादक तो ठेवतो, काढतो किंवा नव्याने घालतो, आणि प्रत्येक वेळी पोर्ट-रॉयलचा प्रश्न परस्पर सोडवून टाकतो. त्या संपादित पाठावर ‘व्हिच म्हणजे अधिक माहिती, दॅट म्हणजे मर्यादा’ हा १९२६ चा नियम लावून सतराव्या शतकातील लेखकाचा अभिप्राय ठरवू लागल्यास चूक दुहेरी होते. ज्या काळात ‘व्हिच’ माणसालाही चाले आणि मर्यादक अर्थीही सर्रास चाले, त्या काळच्या गद्यात या भेदाची खूण सर्वनामात शोधून मिळत नाही.

मराठी भाषकाला हा भेद शिकताना जी अडचण येते तिचे मूळ मराठीच्या घडणीत आहे. मराठीचे स्वतःचे संबंधी वाक्य ‘जो-तो’ या जोडीवर उभे असते आणि संबंधी उपवाक्य बहुधा आधी येते : ‘जे कवी राजाची खुशामत करीत ते विस्मृतीत गेले.’ ही रचना स्वभावतःच मर्यादक आहे. ‘जे माझे वडील पुण्यात राहतात ते उद्या येतील’ असे कोणी म्हणाल्यास ऐकणारा दचकेल, कारण अन्यत्र राहणाऱ्या आणखी वडिलांची शक्यता त्या वाक्याने निर्माण केली. अधिक माहितीच द्यायची तर मराठी दोन वाक्ये करते, किंवा धातुसाधित विशेषण योजते : ‘पुण्यात राहणारे माझे वडील’. ‘माझे वडील, जे पुण्यात राहतात, ते उद्या येतील’ ही नामानंतर कुंपण घालून उपवाक्य बसविण्याची धाटणी इंग्रजी गद्याच्या सहवासात फोफावली. ‘जो’चे उपवाक्य मागे टाकण्याची सोय पूर्वीही होती, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये ते कोंडण्याची नव्हती, कारण स्वल्पविरामच नव्हता. दंडापलीकडे विरामचिन्हे न जाणणाऱ्या मराठी लेखनाला ती शिकविणारे मेजर थॉमस कँडी यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० चे. त्यापूर्वी, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचे व्याकरण इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर रचले होते. ‘जो’ला संबंधी सर्वनाम म्हणून ‘हू’च्या शेजारी बसविण्याची सवय या शालेय परंपरेने लावली. दोघांचे काम सारखे दिसते. पण ‘हू’ एकटा येतो आणि ‘जो’ला ‘तो’ची वाट पाहावी लागते. ‘हू’ दोन्ही अर्थ वाहू शकतो आणि ‘जो’ आपल्या मूळ जागी एकच.

कवींच्या त्या वाक्याचे भाषांतर करू पाहिले की ही विषमता हाताला लागते. ‘जे कवी... ते’ म्हटले तर खुशामत्ये तेवढेच कवी वगळले जातात. ‘हे सगळे कवी राजाची खुशामत करीत, आज ते विस्मृत आहेत’ म्हटले तर पिढीच्या पिढी वगळली जाते. आणि ‘राजाची खुशामत करणारे कवी विस्मृतीत गेले’ असे धातुसाधिताने लिहिले, तर किती कवी खुशामत करीत होते हे वाक्य सांगत नाही. स्वल्पविराम ठेवावा की काढावा या प्रश्नावर इंग्रजी संपादकाला अखेर काहीतरी ठरवावेच लागते. मराठी भाषांतरकार ते न ठरविता पुढच्या वाक्याकडे जाऊ शकतो.